नावे तिच्या, जमा त्याच्या : ‘टॉम अँड व्हिव’

आमच्या घरी चित्रपट चांगला की वाईट हे ठरवायची एकच पद्धत आहे : हे कितव्या मिनिटाला झोपतात ते बघायचं. विसाव्या मिनिटाला मान कलली तर टाकाऊ, मध्यंतरापर्यंत टिकले तर बरा. ‘टॉम अँड व्हिव’ला हे शेवटपर्यंत जागे होते आणि एक शब्दही बोलले नाहीत. हे स्वतः कवी आहेत. निवृत्त मराठीचे शिक्षक, दोन संग्रह, दिवाळी अंकांत दरवर्षी चार-पाच कविता. मी एका राष्ट्रीयीकृत बँकेच्या फॉरेन एक्स्चेंज विभागात एकतीस वर्षं काढली, डोंबिवली ते फोर्ट, उभ्याने. तेव्हा हे परीक्षण कवीच्या बायकोचं आहे आणि बँकवालीचंही. चित्रपटातल्या टॉमचं आणि माझं खातं एकच होतं, हे आधीच सांगते.

भाच्याने लंडनहून डीव्हीडी आणली. “मामी, तू एम.ए.ला एलियट केला होतास ना, बघ.” केला होता म्हणजे त्याची गाजलेली दीर्घ कविता ‘द वेस्ट लँड’ पाठ्यपुस्तकात होती आणि तळटीपांसकट पाठ केली होती. कविता चौतीस पानांची वाटायची आणि नोट्स त्याहून जास्त. हा माणूस नवरा म्हणून कसा होता, हे परीक्षेला येत नव्हतं.

चित्रपट १९९४ चा, ब्रायन गिल्बर्ट यांचा. मुळात मायकेल हेस्टिंग्ज यांचं १९८४ चं नाटक. इंग्रजी कवी टी. एस. एलियट आणि त्याची पहिली बायको व्हिव्हिएन हेग-वुड यांच्या लग्नाची गोष्ट. १९१५ सालच्या वसंतात ऑक्सफर्डला हा अमेरिकन तत्त्वज्ञानाचा विद्यार्थी तिला भेटतो आणि २६ जूनला हॅम्पस्टेडच्या रजिस्ट्रार कचेरीत दोघं लग्न करून मोकळे होतात. दोन्हीकडच्या आईवडिलांना पत्ता नाही. पळून जाऊन लग्न करणाऱ्यांना आपल्याकडे जे ऐकावं लागतं ते तिकडेही ऐकावंच लागलं, फक्त चहाच्या कपाआडून.

टॉम झालाय विलेम डॅफो. तो पहिल्यांदा पडद्यावर आला आणि भाच्याचा मुलगा ओरडला, “आजी, हा ग्रीन गॉब्लिन!” पाच मिनिटांनी व्हिवची आई आली, आणि पुन्हा, “ही तर आंट मे!” म्हणजे २००२ च्या ‘स्पायडर-मॅन’मधली खलनायक आणि प्रेमळ काकू ही जोडी इथे जावई-सासू म्हणून आधीच येऊन गेलेली. पोराला त्यानंतर कथेत रस उरला नाही, तो गॉब्लिन कधी हसतोय याची वाट बघत बसला. गंमत म्हणजे खऱ्या एलियटबद्दल त्याच्या ओळखीच्या ब्लूम्सबरीतल्या, म्हणजे लंडनमधल्या लेखक-कलावंतांच्या गटातल्या, मंडळींनी लिहून ठेवलंय की तो चेहऱ्याला फिकट हिरवट पावडर लावायचा. हे मी पोराला सांगितलं. त्याने माझ्याकडे ज्या आदराने बघितलं तसं गेल्या तीन वर्षांत बघितलं नव्हतं.

डॅफोचं काम पहिल्या अर्ध्या तासात मला लाकडी वाटलं. मान ताठ, ओठ न हलवता बोलणं, प्रत्येक वाक्याला इस्त्री. मग लक्षात आलं की लाकूड नटाचं नाही, माणसाचं आहे. सेंट लुईसहून आलेला हा मुलगा इंग्रज होण्याची रोज तालीम करतोय. सासरच्या दिवाणखान्यात तो बसतो तेव्हा मला आमच्या शाखेत नव्याने आलेले प्रोबेशनरी ऑफिसर आठवले : सगळ्यांना ‘सर’, सगळ्यांना ‘मॅडम’, आणि रात्री घरी जाऊन कोण कोणाशी कसं बोललं याची उजळणी. त्याला व्हिव हवी असते कारण तिच्याकडे तो मोकळेपणा आहे. आणि पुढे तिच्याबरोबर राहणं अशक्य होतं तेही त्याच मोकळेपणामुळे. हे एवढं चित्रपटाने फार चांगलं पकडलंय आणि त्यासाठी एकही संवाद खर्च केलेला नाही.

मिरांडा रिचर्डसन व्हिव झालीय. सुरुवातीला ती इतकी चटपटीत, इतकी जिभेची धारदार आहे की आपण तिच्या बाजूचे होऊन जातो. मग आजार सुरू होतो. मासिक पाळीचा रक्तस्राव, कधी थांबेल आणि कधी सुरू होईल याचा नेम नाही, डोकेदुखी, संताप, आणि वर डॉक्टरांनी दिलेली ब्रोमाइडसारखी औषधं, जी आजारापेक्षा वाईट. हनिमूनच्या प्रसंगात चित्रपट ते सगळं आडपडदा न ठेवता दाखवतो. त्या वेळी आमच्या खोलीत एकदम शांतता पसरली. हे चष्मा पुसू लागले. मुलाला मी पाणी आणायला पाठवलं, आणि पाठवल्याबद्दल मला लगेच स्वतःचा राग आला. पडद्यावर इंग्रज डॉक्टर जे करत होते तेच मी केलं : विषय बदलला.

तिच्या आजाराला त्या काळचे डॉक्टर जे नाव देतात त्यात ‘नैतिक’ हा शब्द आहे. नैतिक वेडेपणा. म्हणजे पोटात दुखतंय तर चारित्र्य तपासा. चित्रपटाचं म्हणणं असं की हा सगळा संप्रेरकांचा घोळ होता, आज असती तर गोळ्यांनी बरी झाली असती. माझी पहिली मोठी तक्रार इथे आहे. हे उत्तर फार सोयीचं आहे. हार्मोनवर बिल फाडलं की नवरा सुटला, भाऊ सुटला, आई सुटली, आणि बायको पण सुटली, सगळे बिचारे. तिला खरंच काय होतं हे इतक्या वर्षांनी कोणी ठामपणे कसं सांगणार? पण त्या घरात जे झालं त्यातलं बरंचसं कोणत्याही गोळीने थांबलं नसतं असं मला वाटतं. हा माणूस तिच्याशी भांडत नाही. ती कपबशा फोडते, हा खाली वाकून तुकडे गोळा करतो. सभ्यपणाही मारतो हो.

आता बँक. एलियट मार्च १९१७ मध्ये लॉईड्स बँकेत लागला, कॉर्नहिलवरच्या कलोनियल अँड फॉरेन खात्यात, आठवड्याला अडीच पौंडांवर. पुढे युद्धाआधीची जर्मनांशी अडकलेली देणी-घेणी सोडवायचं काम त्याच्याकडे होतं. ज्यांनी बुडीत विदेशी बिलांच्या फायली हाताळल्या आहेत त्यांना विचारा, ‘द वेस्ट लँड’ लिहायला दुसरं काय लागतं! त्या कवितेत एका चर्चचं घड्याळ नऊचा शेवटचा ठोका ‘मेलेल्या’ आवाजात देतं आणि खाली एलियटची स्वतःची टीप आहे की हा प्रकार मी पुष्कळदा अनुभवला आहे. एम.ए.ला सरांनी त्यावर तीन तास घेतले : येशूचा मृत्यू, नववा तास, अमुक प्रतीक. एकतीस वर्षं मस्टर गाठल्यानंतर मी छातीवर हात ठेवून सांगते, तो लेट मार्कचा ठोका आहे. ते चर्च, सेंट मेरी वूलनॉथ, लाँबर्ड स्ट्रीटच्या कोपऱ्यावर आहे, बँकेपासून हाकेच्या अंतरावर.

चित्रपटात मात्र ही बँक उभ्या उभ्या येऊन जाते. किती मोठी संधी घालवली! मित्रांना लाज वाटायची की एवढा कवी कारकुनी करतो. कवीमित्र एझ्रा पाउंडने १९२२ मध्ये वर्गणी काढून त्याला नोकरीतून सोडवायचा घाट घातला आणि एलियट शरमेने अर्धमेला झाला. त्याला नोकरी आवडायची! नीट पगार, नीट टेबल, संध्याकाळी हिशोब जुळला की माणूस मोकळा. घरी कोणताच हिशोब जुळत नसताना हे केवढं सुख असतं ते मला विचारा. समीक्षक आय. ए. रिचर्ड्स यांनी एक किस्सा सांगितलाय : बँकेतल्या एका बड्या अधिकाऱ्याने त्यांना विचारलं, आमचा हा एलियट कवी म्हणून चांगला आहे का हो? चांगला आहे म्हटल्यावर तो खूश होऊन म्हणाला की असाच काम करत राहिला तर कालांतराने शाखाधिकारीसुद्धा होऊ शकेल. हा किस्सा मी यांना वाचून दाखवला तेव्हा हे हसले नाहीत. मी शाखाधिकारी होऊन निवृत्त झाले, कदाचित म्हणून.

माझी दुसरी तक्रार याहून गंभीर आहे. हा चित्रपट कवीच्या लग्नावर आहे, पण त्यात कविता फार थोडी ऐकू येते. एलियटच्या दुसऱ्या बायकोचा, व्हॅलेरीचा, या नाटकाला मुळीच पाठिंबा नव्हता आणि कवितांचे हक्क तिच्या हातात. तिने एलियटच्या मांजरांच्या कवितांवर ‘कॅट्स’ होऊ दिलं, १९८१ मध्ये, आणि त्यातून आलेला पैसा अफाट. मांजरांना परवानगी, व्हिवला नाही. त्यामुळे होतं काय, की ज्या माणसासाठी एवढा सगळा सोस चाललाय तो एवढा मोठा का, हे पडद्यावरून कळत नाही. एलियट न वाचलेल्या प्रेक्षकाला हा एक चिंताग्रस्त, पडेल चेहऱ्याचा नवरा दिसतो, बास. माझ्या भाचेसुनेने शेवटी विचारलंच, “पण मामी, तो लिहायचा काय?”

आणि त्यामुळे व्हिवचंही नुकसान होतं. ‘द वेस्ट लँड’चं हस्तलिखित कित्येक वर्षं हरवलं होतं. १९६८ मध्ये न्यूयॉर्कच्या सार्वजनिक ग्रंथालयात ते असल्याचं जाहीर झालं आणि १९७१ मध्ये छापून आलं, व्हॅलेरीनेच संपादित केलेलं. त्यात बुद्धिबळाच्या भागात एक बाई म्हणते की माझ्या नर्व्हज आज बिघडल्यात, माझ्याशी बोल, कधीच का बोलत नाहीस. त्या ओळींच्या बाजूला पेन्सिलीने मोठ्या अक्षरांत व्हिवने लिहिलंय : ‘वंडरफुल’. स्वतःच्या घरातलं भांडण नवऱ्याने उचलून कवितेत घातलं, आणि ती समासात लिहिते, वा! मला ही बाई इथे पहिल्यांदा खरोखर समजली. पुढे दारूच्या गुत्त्यात दोन बायका बोलतात, त्यातली ‘पोरं नको होती तर लग्न कशाला केलंस’ ही ओळ तर तिनेच सुचवलेली आहे. आणि एक ओळ तिने काढायला लावली, हस्तिदंती सोंगट्याच दोघांना सोबत करतात अशा अर्थाची. ती फारच खरी होती म्हणून, बहुधा. एलियटने ती काढली, आणि १९६० मध्ये, म्हणजे ती जाऊन तेरा वर्षं झाल्यावर, हाताने नक्कल करून देताना आठवणीतून परत लिहिली.

यातलं काही थोडं चित्रपटात आहे, ती टाइप करते, सुचवते, वाद घालते. पण ती स्वतः लिहायची हे जवळजवळ नाहीच. १९२४-२५ मध्ये ‘क्रायटेरियन’ या एलियटच्या नियतकालिकात तिने ‘फॅनी मार्लो’, ‘फेरॉन मॉरिस’ अशा टोपणनावांनी लेख, कथा लिहिल्या. ब्लूम्सबरीतल्या मंडळींच्या चहापार्ट्यांवर चिमटे काढलेत. मी त्यातलं थोडंसं वाचलंय. बाई बोचरी होती आणि तिला हसता येत होतं. त्याच गटातली लेखिका व्हर्जिनिया वुल्फ हिने १९३० मध्ये डायरीत लिहिलंय की टॉमने गळ्यात फेरेटांची पिशवी बांधून घेतली आहे. फेरेट म्हणजे मुंगसासारखा, दात लावणारा प्राणी. वाक्य झकास आहे, म्हणून टिकलं. पिशवीतून बाहेर बघणाऱ्या प्राण्याने वुल्फबाईंच्या चहापार्टीबद्दल काय लिहिलं ते कोणाला पाठ नाही.

हे बघताना मला सारख्या लक्ष्मीबाई टिळक आठवत होत्या. तिथेही नवरा कवी, तिथेही एक दिवस त्याने धर्म बदलला, १८९५ मध्ये, आणि संसार काही वर्षं दुभंगला. एलियटने १९२७ मध्ये फिनस्टॉकच्या छोट्या चर्चमध्ये दारं बंद करून बाप्तिस्मा घेतला, बायकोला तो धर्म कधी आपला वाटलाच नाही. पण लक्ष्मीबाईंनी ‘स्मृतिचित्रे’ लिहिलं आणि आज टिळकांच्या कवितेपेक्षा तेच जास्त वाचलं जातं. व्हिवच्या डायऱ्या ऑक्सफर्डच्या बोडलियन ग्रंथालयात आहेत, तिनेच मृत्युपत्रात तशी सोय केली होती. जातील कोणी अभ्यासक, काढतील उतारे.

दुसरा भाग जास्त चांगला आहे. १९३२ मध्ये एलियट हार्वर्डला व्याख्यानं द्यायला गेला आणि तिथूनच वकिलामार्फत कळवलं की आपण वेगळे होतोय. समोर उभं राहून सांगायचं धैर्य नाही. व्हिवने ते मानलंच नाही. जो नवरा पत्राने सोडून जातो तो पत्राने परतही येईल, असा तिचा सरळ हिशोब. तिने ‘टाइम्स’ला जाहिरात पाठवली की टी. एस. एलियट यांनी सोडून गेलेल्या आपल्या घरी कृपया परत यावं, पत्त्यासकट. त्यांनी ती छापली नाही. फेबर या प्रकाशनसंस्थेच्या कचेरीत, जिथे तो तेव्हा काम करायचा, तिला आत सोडत नाहीत, सेक्रेटरी सांगते साहेब नाहीत. त्यावर ती टपालाच्या फटीतून गरम वितळलेलं चॉकलेट ओतते, तो प्रसंग चित्रपटात आहे. आमच्या घरात सगळे हसले. मीही. हसता हसता त्या दाराकडे बघत राहिले, कारण बँकेत अशी बाई मी दारात उभी असलेली पाहिली आहे आणि ‘साहेब मीटिंगमध्ये आहेत’ हे मीच सांगितलं आहे.

एक प्रसंग मी पुस्तकात वाचलेला : नोव्हेंबर १९३५, लंडनमध्ये पुस्तकमेळा, एलियटचं व्याख्यान. ती कुत्र्याला घेऊन जाते, हातात त्याची तीन पुस्तकं. व्याख्यान झाल्यावर पुढे होऊन विचारते, माझ्याबरोबर परत येशील का? तो म्हणतो, आत्ता मला बोलता येणार नाही. पुस्तकांवर सह्या करतो आणि निघून जातो.

सह्या करतो! माझं अख्खं आयुष्य सह्या जुळवण्यात गेलं. या चित्रपटाचा कळसही सहीच आहे. दोन डॉक्टर येतात, समोर बसून शाळकरी पोरांना घालावेत तसे प्रश्न घालतात, आणि तिच्या उत्तरांवर ठरतं की ही बाहेर राहायला लायक आहे की नाही. बाकी सगळे खोलीत हजर. सगळे चांगले लोक. कोणी आरडाओरडा करत नाही, कोणी खलनायक नाही, चहा मागवलेला असतो. इथे दिग्दर्शकाने इतिहास थोडा आवळून घेतलाय. प्रत्यक्षात १९३८ च्या जुलैमध्ये ती पहाटे रस्त्यावर भटकताना पोलिसांना सापडली, एलियटचा शिरच्छेद झाला का असं विचारत होती म्हणे. आणि पुढची हालचाल, म्हणजे तिला मनोरुग्णालयात ठेवण्याची, तिचा भाऊ मॉरिस याने केली. चित्रपट टॉमला त्याच खोलीत आणून बसवतो. कायद्याच्या दृष्टीने चूक असेल, पण मला ते मान्य आहे. जॉइंट खात्यात एकाने सही केली तरी पैसे दोघांचे जातात.

यांच्या आत्याचं सांगते, यांना विचारूनच लिहितेय. १९६१ साली तिला अशाच एका ठिकाणी ठेवलं. तेव्हा आपल्याकडे १९१२ चा इंग्रजांचा कायदा चालायचा : नातेवाइकाचा अर्ज, दोन डॉक्टरांचे दाखले, मॅजिस्ट्रेटचा हुकूम. इंग्रज गेले तरी तो कायदा राहिला, नवा १९८७ मध्ये आला. व्हिवला आत नेणारी आणि आमच्या आत्याला आत नेणारी यंत्रणा एकाच साच्यातली. अर्जावर यांच्या वडिलांची सही होती. आत्या नऊ वर्षांनी परत आली आणि शेवटपर्यंत आमच्याकडे राहिली. मी लग्न होऊन आले तेव्हा लोणच्याचं प्रमाण मला तिने शिकवलं, मुलीला रामरक्षा शिकवली. तिला काय झालं होतं, हे मी एकदा सासऱ्यांना विचारलं होतं. ते म्हणाले, “उलट बोलायची.” पुढे काहीच नाही. पेपर परत उघडला.

शेवटी मॉरिस आफ्रिकेहून परत येतो आणि बहिणीला भेटायला जातो. ती शांत आहे, नीटनेटकी, विनोद करते. त्याच्या चेहऱ्यावर हळूहळू समजत जातं. टिम डटन नावाच्या नटाने हे काम केलंय, आणि दोन तास ज्याच्याकडे आपण ‘हा जरा मठ्ठच आहे’ म्हणून दुर्लक्ष केलं तो इथे सगळा चित्रपट उचलतो. खऱ्या मॉरिसने म्हातारपणी नाटककाराला सांगितलं होतं की ती माझ्याइतकीच शहाणी होती आणि टॉमने आणि मी केलं ते चूक होतं. एलियट तिला तिथे एकदाही भेटायला गेला नाही. जानेवारी १९४७ मध्ये ती तिथेच गेली, अठ्ठावन्न वर्षांची. पुढच्याच वर्षी त्याला नोबेल.

त्याने नंतर एका खाजगी कागदात लिहिलंय की या लग्नाने तिला सुख दिलं नाही, आणि मला ती मनःस्थिती दिली जिच्यातून ‘द वेस्ट लँड’ आली. बँकेच्या भाषेत : तिच्या खात्यात नावे, त्याच्या खात्यात जमा. नोंद स्वच्छ आहे, त्याने लपवली नाही. आणि त्या कवितेच्या शेवटी बृहदारण्यकातला मेघ गडगडतो : द, द, द. उपनिषदात क्रम असा आहे : दमन करा, द्या, दया करा. एलियट हार्वर्डला संस्कृत शिकलेला, त्याला क्रम ठाऊक होता. त्याने तो बदलून दान आधी घेतलं, मग दया, आणि दमन शेवटी. आमच्या सरांनी याचं आध्यात्मिक कारण सांगितलं होतं. चित्रपट बघून झाल्यावर मला वाटलं, घरात तर हा पहिल्यापासून शेवटच्याच शब्दावर होता. मर्ढेकरांपासून आपल्या किती कवींनी एलियटकडून काय काय घेतलं यावर प्रबंध आहेत. या भागाचं कोणी काही घेतलं नाही, बरंच झालं.

अभिनयाबद्दल आणखी थोडं. मिरांडा रिचर्डसन आणि आईचं काम केलेली रोझमेरी हॅरिस, दोघींना ऑस्करची नामांकनं होती, मिळालं एकीलाही नाही. रिचर्डसनचं समजू शकते, ती मधे मधे जरा जास्तच टिपेला जाते. पण रोझमेरी हॅरिस! ती जावयाला पहिल्यांदा जोखते तो प्रसंग आणि सगळं संपल्यावर त्याच्याशी बोलते तो प्रसंग, हे दोनच पुन्हा लावून बघावेत. त्या पिढीच्या बाईला राग आला की ती आवाज खाली आणते. माझी आई तशीच होती. डेबी वाइजमनचं संगीत छान आहे पण जागा सोडत नाही. जिथे माणसं गप्प बसली आहेत तिथेही व्हायोलिनं बोलतात. घरं, कपडे, बागा इतक्या देखण्या की दुःख सुद्धा लिनन घालून येतं.

बघावा का? एलियट वाचलेल्यांनी जरूर, पण नंतर हस्तलिखिताची ती पानं शोधून बघावीत. न वाचलेल्यांनी लग्नाचा चित्रपट म्हणून बघावा, कवीचा म्हणून नाही. बारा-तेरा वर्षांची मुलं असतील तर बसू द्या आणि पाणी आणायला पाठवू नका. पाचपैकी साडेतीन, अर्धा रोझमेरीबाईंचा.

एलियटने १९३० मध्ये ‘ॲश वेन्सडे’ छापलं तेव्हा अर्पणपत्रिकेत लिहिलं होतं, ‘माझ्या पत्नीस’. पुढच्या आवृत्त्यांतून ते गेलं. हे मी रात्री जेवताना सहज बोलले. हे ताटावरून उठले, कपाटातून स्वतःचा पहिला संग्रह काढला, १९८६ चा, आणि पहिलं पान उघडून बराच वेळ बघत राहिले. तिथे यांच्या सरांचं नाव आहे. छपाईचे साडेसहा हजार माझ्या पीएफमधून गेले होते आणि प्रुफं मी लोकलमध्ये तपासली होती.

“दुसऱ्या आवृत्तीत तुझं नाव घालतो,” हे म्हणाले.

“अहो, पहिलीच्या एकशे ऐंशी प्रती अजून माळ्यावर आहेत.”